हजेरीपुस्तकाबाहेरचा माणूस

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की काही विषय हटकून पुढे येतात. अस्मिता, दंगल, तलाक, शिक्षण, घरातली बोली आणि बाहेरची मराठी यांच्यातला ताण. १९९० साली सोलापूरला प्रा. फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण हे विषय मांडत आलो. ते मांडायलाच हवे होते आणि ते अजून संपलेलेही नाहीत. पण ज्याच्या रोजीवर घर चालते तो पुरुष दिवसाचे दहा-बारा तास कुठे असतो, काय करतो आणि तिथून घरी काय घेऊन येतो, याची नोंद आपल्या कथा-कवितांत फार थोडी सापडते. हा लेख त्या उणिवेविषयी आहे. त्या उणिवेत आमचाही वाटा आहे, म्हणून सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पिंपरीत एका मित्राच्या घरी कथावाचनाची बैठक होती. दहा-बारा जण जमलो होतो. चाकणजवळच्या एका प्रेसशॉपमध्ये काम करणारा, मूळचा लातूर जिल्ह्यातला एक तरुण सेकंड शिफ्ट बुडवून आला होता. त्याने कथा वाचली. कथेतला नायक कंत्राटी कामगार आहे. सात महिने भरतात आणि त्याला 'ब्रेक' मिळतो. घरी तो सांगत नाही. रोज सकाळी बायको डबा भरून देते. तो डबा घेऊन निघतो, निगडीच्या दुर्गा टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसतो, दुपारी तिथेच डबा खातो आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी येतो. असे एकोणीस दिवस जातात. विसाव्या दिवशी डबा हातात देताना बायको म्हणते, "आज धूप भोत है, टोपी लेको जाव." कथा तिथे संपते.

वाचन झाल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग आम्ही बोललो. कथा बरी आहे, पण यात मुस्लिम असे काय आहे, असा प्रश्न आम्ही विचारला. नायकाचे नाव बदलले तर ती कुणाचीही कथा होईल, असेही सांगितले. समाजाचे ज्वलंत प्रश्न घ्यावेत, असा सल्ला दिला. तरुणाने "हो सर" म्हणून वही मिटली. त्यानंतर तो बैठकीला आला नाही.

आज ती कथा आठवते तेव्हा आमच्या प्रश्नाची लाज वाटते. नायकाचे नाव बदलले तर ती कुणाचीही कथा होईल, हा आम्हांला दोष वाटला. खरे तर चाकणच्या शेडमध्ये बीडचा शेख, परभणीचा जाधव आणि बिहारचा यादव एकाच लाइनवर उभे असतात, हे त्या कथेला ठाऊक होते आणि आम्हांला नव्हते. आणि तिचे शेवटचे वाक्य तर आपल्या घरांतल्या दखनीतच उमटू शकते. कारखान्याच्या छपराखाली काम करणाऱ्याला उन्हाची टोपी कशाला लागेल? बायकोला सगळे कळले आहे. तिने नवऱ्याला उघडे पाडले नाही, त्याचे खोटे सांभाळले आणि त्याच्या डोक्यावर सावली दिली. आम्ही मात्र त्या वाक्यात 'समाजाचा प्रश्न' शोधत बसलो.

मराठी साहित्याने कामगार पाहिलाच नाही असे म्हणता येणार नाही. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' या कादंबरीने गिरणी कामगाराचे जग कथेत आणले. भाऊ पाध्ये यांनी 'डोंबाऱ्याचा खेळ'मध्ये कामगार चळवळीचे आतले राजकारण दाखवले. नारायण सुर्वे यांनी कामगाराला कवितेत 'मी' म्हणायला शिकवले. त्यांच्या कवितेत दाऊद चाचा भेटतात ते कुठल्याही प्रतीकाचे ओझे न वाहता, शेजारी म्हणून. आणि आपले शाहीर अमर शेख. बार्शीचे मेहबूब पटेल. त्यांनी गिरणीत काम केले, गाडीवर क्लिनर म्हणून राबले आणि पुढे लाल बावटा कलापथकातून हजारोंच्या सभा हलवल्या. मुस्लिम मराठी लेखकाला कामगाराविषयी लिहिण्यासाठी उसना वारसा शोधावा लागत नाही, तो घरचाच आहे.

पण या सगळ्या लेखनामागे एक गोष्ट होती. कामगार एकत्र होता. भोंगा एक, गेट एक, चाळ एक, युनियन एक. दुःख झाले तरी ते सगळ्यांच्या साक्षीने व्हायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप विरून गेला, घरे मोडली. त्या मोडण्याचे नाटक जयंत पवार यांनी 'अधांतर'मध्ये लिहिले. त्यात गिरणगावातल्या एका घरातले मुलगे आपापल्या परीने भरकटतात आणि आई सगळे पाहत असते. बेकारीने पुरुषाच्या मनाचे काय होते हे मराठी रंगभूमीवर इतक्या उघडपणे क्वचितच आले असेल. तरीही त्या घराला एक समजूत होती. आपल्यावर ही पाळी का आली हे त्यांना सांगता येत होते. गिरणी बंद झाली, संप फसला, मालकाला जमीन हवी होती. दुःखाला कारण होते आणि कारणाला नाव होते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणची गोष्ट इथे वेगळी होते. हा पट्टा टप्प्याटप्प्याने घडला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढच्या काही वर्षांत बजाज, टेल्को अशा मोठ्या कंपन्यांभोवती भोसरी, आकुर्डी, चिंचवड उभे राहिले. त्या पिढीतला 'पर्मनंट' म्हणजे मोहल्ल्यातला मान होता. मुलीसाठी स्थळ सांगताना नावाआधी कंपनी सांगितली जायची. कंपनीचा युनिफॉर्म, कॅन्टीन, दिवाळीचा बोनस, निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार. आमच्या नात्यातले एक चाचा टर्नर होते. ईदच्या दिवशीही ते कंपनीने दिलेले घड्याळ घालायचे.

त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. बोटे तेव्हाही तुटत होती, संघर्ष तेव्हाही होते. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये टेल्कोच्या कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यापुढे सामूहिक उपोषण मांडले आणि महिनाअखेरीस पहाटे पोलिसांनी त्यांना उचलून नेले. पण ते उचलले गेले तेही एकत्रच. त्यानंतर हळूहळू घडी मोडली. सप्टेंबर २००७ मध्ये बजाजच्या आकुर्डी कारखान्यातले उत्पादन थांबले. नवे काम तोवर चाकणला गेले होते, कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात. पुढे तिथे परदेशी कंपन्या आल्या, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो वेंडर आले. २०१३ च्या जूनमध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातले कामगार सुमारे ५० दिवस संपावर होते. कंपनीचे शेअर एक रुपयाने मिळावेत अशी त्यांची एक मागणी होती. ती योग्य होती की नाही हा वाद बाजूला ठेवू. लक्षात घेण्यासारखे हे की ही मागणी करणाऱ्याला आपण कंपनीचे आहोत असे अजून वाटत होते. त्याच रस्त्यावरच्या छोट्या शेडमधल्या कंत्राटी पोराला असे वाटण्याची सोयच नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावला जनरल मोटर्सचे उत्पादन थांबले, तेव्हा पर्मनंट असणेही पुरेसे नसते हे कळले.

कंत्राटी पोराचे वर्ष कसे जाते? औद्योगिक विवाद कायद्यात (१९४७) वर्षाला २४० दिवस भरले की सलग सेवा मानली जाई आणि मग कामावरून काढताना नोटीस व भरपाई द्यावी लागे. त्या आकड्याच्या अलीकडेच माणसाला थांबवायचे, महिना-दोन महिन्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर पुन्हा घ्यायचे, ही रीत या पट्ट्यात पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, ठराविक मुदतीच्या नोकरीला कायद्याचे नाव मिळाले आणि वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही मिळाला. तो हक्क पदरात किती पडतो ते पुढे दिसेल. पण सात महिन्यांच्या तुकड्यांत कापलेले आयुष्य माणूस मनात कसे जोडतो, हे कुठला कायदा सांगणार नाही. ते साहित्यानेच सांगायचे असते.

इथे एक जुना दाखला आठवतो. ऑस्ट्रियात मारीएनथाल नावाचे एक गाव होते. कापडाच्या एका कारखान्यावर जगणारे. १९२९-३० मध्ये कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून पाहणी केली आणि १९३३ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना वाटले होते की वेळ मोकळा मिळाल्यावर लोक जास्त वाचतील. झाले उलटे. गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. रस्त्यावरून चालताना पुरुषांची चाल बायकांपेक्षा मंदावली. कित्येक पुरुषांनी घड्याळ वापरणे सोडून दिले. बायकांना मात्र घरकाम होतेच, त्यांचा दिवस अजून दिवसासारखा होता. याहोदाने पुढे मांडले की काम माणसाला पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, सामायिक हेतू, समाजातली जागा आणि हातांना चाळा.

चाकणच्या कामगाराला बेकार म्हणता येत नाही, पण या पाच गोष्टी त्याच्या हातून एकेक करून निसटतात. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, म्हणून दिवसाला आकार नाही. नाइट करून आलेला माणूस पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपायचा प्रयत्न करतो आणि त्याच गादीवरून उठून दुसरा कामावर जातो. सात महिन्यांनी लाइनवरचे चेहरे बदलतात, म्हणून दोस्ती मुरत नाही. तो जी गाडी बनवतो तिचा एकच नट त्याचा असतो. आणि गावाकडे विचारले की मुलगा काय करतो, तर उत्तर येते, "कंपनीत आहे." कुठल्या, हे सांगता येत नाही, कारण ज्या कंपनीच्या गेटातून तो आत जातो तिच्या हजेरीपुस्तकात त्याचे नाव नाही. नाव कंत्राटदाराकडे असते. हातांना चाळा तेवढा भरपूर उरतो.

या पार्श्वभूमीवर त्या तरुणाच्या कथेतला डबा घेऊन टेकडीखाली बसणारा माणूस पाहावा. तो नुसते खोटे बोलत नाही. कंपनीने मोडलेला दिवस तो स्वतःच्या हाताने पुन्हा बांधतो आहे. निघायची वेळ, जेवायची वेळ, परतायची वेळ. हे एखाद्या अहवालात आले असते तर 'नैराश्याचे लक्षण' म्हणून एका ओळीत संपले असते. कथेत ते आपल्याला एकोणीस दिवस सोसावे लागते.

आता आपल्या समाजाकडे वळू. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आकडेवारीनिशी दाखवले की मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात तुलनेने अधिक आणि नियमित पगाराच्या नोकरीत कमी आहेत. म्हणजे गॅरेज, फॅब्रिकेशन, वेल्डिंग, भंगार, टेम्पो, हातगाडी. या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांच्या सावलीत हीच कामे वाढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली, तेव्हा या सावलीत किती माणसे जगत होती हे शहराला दिसले. कायदेशीर-बेकायदेशीरचा वाद न्यायालयाचा आहे. आमच्यापुढचा प्रश्न हा की वीस वर्षे एका जागी बसून लोखंड ओळखायला शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो? त्याच्या हातातली विद्या उस्ताद-शागिर्द परंपरेने आली होती. गॅरेजमध्ये पोरगा आधी पाना धुवायचा, मग धरायचा, मग कसायचा. उस्तादाचा मार खाल्लेला पोर स्वतः उस्ताद व्हायचा. लाइनवर कुणी उस्ताद नसतो, टार्गेट असते.

अशा माणसाच्या मनात काय चालते, हे बोलायला आपल्या घरांत शब्दच कमी आहेत. "जी नई लगता", "डोकं जड झालंय", "नींद नई आती". त्यावर आपली उत्तरेही ठरलेली. सब्र कर. नजर लागली असेल, दम करून आण. सब्र हा मोठा शब्द आहे आणि त्याने अनेकांना तारले आहे. पण तो दुसऱ्याला गप्प करण्यासाठी वापरला की त्याचा अर्थ मरतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण अभिमानाने सांगतो. ती मालकाला उद्देशून आहे, मजुराला गप्प बसवण्यासाठी नाही. दारू हराम, म्हणून पिणारा लपून पितो. आत्महत्या हराम, म्हणून घरात घडली तरी अपघात म्हणून सांगितली जाते. २०२२ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांपैकी दहांत सातांहून अधिक पुरुष होते आणि एकूण संख्येच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर जगणारे होते, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग सांगतो. त्यांत आपले कुणी नसेल असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा गंभीर तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याला शिक्षेपेक्षा आधाराचा हक्कदार मानले. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे. कायदा इथवर आला. आपली कथा अजून आलेली नाही.

ती का आली नाही, याचे एक कारण आम्हांला दिसते. मराठी साहित्यात मुस्लिम पुरुष बहुधा दोन दारांतून आत येतो. एक दार दंगलीचे, दुसरे तलाकचे. एकात तो बळी असतो, दुसऱ्यात अन्यायी. हमीद दलवाई यांच्या 'इंधन'ने (१९६५) कोकणातल्या गावातले हिंदू-मुस्लिम ताण धीटपणे उघडे केले, ते मोठे काम होते. शहाजिंदे यांच्या कवितेतून शेतकरी आला. पण पुढे आपणही त्याच दोन दारांशी गर्दी केली. प्रस्थापितांनी आपल्याला जसे पाहिले त्याला उत्तर देण्यात आपली शक्ती गेली. उत्तर देणारा माणूस सतत समोरच्याकडे पाहत असतो, शेजारी झोप न येता कूस बदलणारा भाऊ त्याला दिसत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की आपल्या स्त्रियांचे दुःख अजून पुरते लिहून झाले नाही, तोवर पुरुषांच्या मनाचे लाड कशाला? आम्हांला वाटते या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत. बाहेर अपमान गिळून आलेला पुरुष घरात कुणावर हात उगारतो हे लिहिल्याशिवाय त्या घरातल्या स्त्रीचे दुःखही अपुरेच राहील. त्याचे कारण समजून घेणे म्हणजे त्याला माफी देणे नव्हे. त्या कथेतली टोपी देणारी बायको हे तरुणाने ओळखले होते. नवऱ्याच्या बेकारीचा अर्धा भार ती वाहते आहे, तोही न बोलता. तिच्या बाजूने ती कथा पुन्हा लिहिली गेली तर आम्हांला वाचायला आवडेल. दुसरा आक्षेप असा की भाकरीचा प्रश्न आधी, मनाचा नंतर. पण त्या नायकाच्या डब्यात भाकरी आहे. तरी तो रडकुंडीला आला आहे.

मग हे लिहायचे कसे? अमर शेखांचा डफ इथे थेट उपयोगी पडणार नाही, कारण समोर सभा नाही. प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा आहे. म्हणून कदाचित लहान कथा, रोजनिशी, पत्रे, कबुलीच्या सुरातली कविता हे आकार अधिक जवळचे ठरतील. भाषेकडे मात्र नीट कान द्यायला हवा. हा कामगार घरी दखनी बोलतो, सुपरवायझरशी मराठी, बिहारच्या जोडीदाराशी हिंदी, आणि ज्या शब्दांवर त्याचे आयुष्य टांगले आहे ते ब्रेक, ओटी, टार्गेट, रिजेक्शन असे इंग्रजी. कामावरून कमी केले हे सांगणाऱ्या वाक्याला कर्ताच नसतो. "यादीत नाव आलं नाही." कोणी काढले? कोणीच नाही. 'अधांतर'मधल्या घराला ज्याच्यावर रागवायचे तो माहीत होता. इथे राग कुणावर करायचा हे कळत नाही, म्हणून तो आत वळतो. जो लेखक हे कर्ता नसलेले वाक्य नीट ऐकेल तो निम्मी कथा लिहून बसेल.

आणि आम्हां समीक्षकांनी काय करावे? "यात मुस्लिम असे काय आहे?" हा प्रश्न काही काळ तरी बंद ठेवावा. मुस्लिम माणूस जे जगतो ते मुस्लिम मराठी साहित्याचे विषय आहेत, मग तो नमाज पढत असो, प्रेसवर पत्रा कापत असो किंवा टेकडीखाली डबा उघडून बसलेला असो. आपल्याच तरुणाने आणलेली कथा आपण ठरवून ठेवलेल्या विषयांच्या यादीत बसत नाही म्हणून परत करणे आणि कंत्राटदाराने "यादीत नाव आलं नाही" म्हणणे, यांत फार फरक नाही हे आम्हांला उशिरा उमगले.

हा लेख लिहायला घेतल्यावर आम्ही खटपट करून त्या तरुणाचा फोन मिळवला. आता तो मोशीहून भाड्याचा टेम्पो चालवतो. आम्ही माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सर, तेव्हा तुम्ही बोललात ते मला पटलंही होतं." हे ऐकून अधिकच वाईट वाटले. कथेची वही गावाकडे आहे, अम्मीने ठेवली असेल तर पाहतो, असे तो म्हणाला. लेख छापायला देईपर्यंत ती आलेली नाही. आली तर पुढच्या अंकात तिला पहिली जागा द्यावी, आणि नावगाव काहीही न बदलता ती जशीच्या तशी छापावी, अशी संपादकांना आमची विनंती आहे.